दोन झेंड्यांखाली

कैदी सैनिकांतून फौज उभी करता येते, हा धडा सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापुरात गिरवला; पण त्याचा कित्ता त्यांनी दहा वर्षे आधी प्रागमध्ये पाहिला होता. १९३३ साली उपचारासाठी युरोपात गेलेले सुभाषबाबू चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत पोचले आणि परराष्ट्रमंत्री एडवर्ड बेनेश यांना भेटले. बेनेश हा माणूस त्यांच्या दृष्टीने बोलका होता. राष्ट्राध्यक्ष मासारिक आणि बेनेश यांनी पहिल्या महायुद्धात परदेशांत बसून, दारोदार फिरून, आपला देश मिळवला होता.

चेक लोक तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे प्रजाजन. सम्राटाने त्यांना रशियाच्या आघाडीवर पाठवले. तिथे हजारोंनी ते रशियनांच्या हाती सापडले आणि रशियाच्या कैदी छावण्यांत जाऊन पडले. त्याच छावण्यांतून 'चेक लीजन' नावाची फौज तयार झाली. जुलै १९१७ मध्ये झ्बोरोवच्या लढाईत ती आपल्याच जुन्या बादशहाच्या सैन्याशी लढली. पुढे सायबेरियाच्या रेल्वेमार्गावर तिने जो धुमाकूळ घातला, त्याने जगभरच्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ऑस्ट्रियाच्या लेखी हे सगळे शपथ मोडणारे फितूर होते. इटलीच्या आघाडीवर जे चेक शिपाई पकडले गेले, त्यांना १९१८ च्या सप्टेंबरात आर्कोजवळ फासावर चढवले गेले. महिना-सव्वा महिन्यात, २८ ऑक्टोबरला, प्रागमध्ये स्वतंत्र राष्ट्राची घोषणा झाली आणि काल फासावर जाणारे आज राष्ट्राच्या सेनेचे पूर्वज ठरले.

देश अजून नकाशावर नाही, पण त्याची फौज आहे, हा उलटा क्रम सुभाषबाबूंच्या मनात रुजला. १९४३ मध्ये ते तशाच एका फौजेचे सरसेनापती झाले, तेव्हा तिची रोजची घडी बसवून देणारा अधिकारी होता सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. जगन्नाथराव कृष्णराव भोसले. आझाद हिंद फौजेचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे, भाषणांतून त्याहूनही अधिक सांगितला गेला आहे. भोसल्यांचे नाव मात्र त्यात यादीपुरते येते. मला ते अन्यायाचे वाटते; आणि त्याहून अधिक म्हणजे त्यामुळे त्या फौजेची खरी अडचण काय होती, तेच कळायचे राहून जाते.

जन्म १६ एप्रिल १९०६ चा. शिक्षण डेहराडूनच्या प्रिन्स ऑफ वेल्स मिलिटरी कॉलेजात. हे विद्यालय १९२२ मध्ये उघडले, तेच मुळी हिंदी मुलांना सँडहर्स्टसाठी तयार करायला. सँडहर्स्टच्या दारातून वर्षाला दहा हिंदी तरुण आत जाऊ शकत. तिथली कमिशन म्हणजे 'किंग्ज कमिशन', खुद्द राजाच्या नावची सनद. भोसले तिथून अधिकारी होऊन मराठा लाइट इन्फन्ट्रीत आले.

सनद राजाची असली तरी वागणूक राजेशाही नव्हती. १९२३ मध्ये सरकारने हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठ पलटणी ठरवून दिल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटण त्यांतली एक. बाहेरून ही सवलत दिसे. आतला हेतू असा की गोऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला हिंदी वरिष्ठाचा हुकूम ऐकावा लागू नये. ज्याने तलवार हाती दिली तोच म्हणतो, मेसमध्ये या टेबलावर बसू नका. त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक हिंदी अधिकाऱ्याच्या आठवणीत असा एखादा प्रसंग सापडतो. मलाया आणि सिंगापुरात तर गोऱ्यांच्या क्लबांचे दरवाजे राजाची सनद खिशात असलेल्या हिंदी अधिकाऱ्यांनाही बंद होते. त्या बेटाच्या रक्षणासाठी त्यांनी मरायचे, पण तिथल्या पोहण्याच्या तलावात उतरायचे नाही.

८ डिसेंबर १९४१ ला जपानी सैन्य मलायाच्या कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरले. जित्राला फळी फुटली, ७ जानेवारीला स्लिम नदीवर दोन ब्रिगेड एका सकाळीत मोडल्या, मुआरच्या बाजूला ४५ व्या हिंदी ब्रिगेडची वाताहत झाली. रबराच्या मळ्यांतून सायकलवरून येणारे जपानी आणि रस्त्याला चिकटून माघार घेणारे ब्रिटिश, असे सत्तर दिवस चालले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले. भोसले तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते. सिंगापुरातल्या हिंदी अधिकाऱ्यांत इतका वरचा हुद्दा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचाच.

दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक हिंदी कैदी एकत्र केले गेले. गोऱ्या कैद्यांना वेगळ्या ठिकाणी पाठवले होते. ब्रिटिश कर्नल हंट यांनी हे सैन्य जपानी मेजर फुजिवारांच्या हवाली केले, फुजिवारांनी ते कॅप्टन मोहनसिंगांच्या हवाली केले. पाच-दहा मिनिटांचा कार्यक्रम. मेंढरांची दावण बदलावी तसा. हिंदी सैनिकाला आजवर एवढेच शिकवले होते की साहेब तुला कधी सोडणार नाही; आणि साहेबाने सोडले ते ध्वनिक्षेपकावरून, सही-शिक्क्याने.

मग प्रश्न आला निवडीचा. या निवडीवर आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, सगळे देशभक्तीने पेटून उठले. दुसरा, जो ब्रिटिश दप्तरांतून येतो, तो म्हणतो, पोटासाठी आणि जिवाच्या भीतीने गेले. दोन्ही सूर बेसूर आहेत. छावण्यांत जे घडले ते गुंतागुंतीचे होते. कोणी खरोखर पेटले होते. कोणाला नकार दिल्यावर जपानी कोणत्या बेटावर मजुरीला धाडतील याची भीती होती, आणि ती निराधार नव्हती; न्यू गिनीला नेलेल्या हिंदी युद्धकैद्यांचे हाल भयंकर झाले. नकार देणाऱ्यांना छळाच्या छावणीत टाकण्याचे प्रकारही झाले, ते झाकण्यात अर्थ नाही. शाहनवाज खान यांनी पुढे सांगितले की सुरुवातीला ते फौजेत शिरले ते ती आतून पोखरायलाच. मग मत बदलले.

भोसल्यांपुढे आणखी एक पेच होता, आणि तो फौजी माणसालाच नीट समजेल. मोहनसिंग होते कॅप्टन. जपान्यांच्या विश्वासाने ते 'जनरल' झाले. त्यांच्यापेक्षा हुद्द्याने वरच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायचे. सैन्यात ज्येष्ठता म्हणजे जवळजवळ धर्म. कित्येकांनी याच कारणासाठी पाऊल मागे घेतले. भोसल्यांनी घेतले नाही. १ सप्टेंबर १९४२ ला पहिली आझाद हिंद फौज रीतसर उभी राहिली. तिच्यात गांधी, नेहरू आणि आझाद या नावांच्या गनिमी पथकांखेरीज 'हिंदुस्थान फील्ड फोर्स' हा सरळ लढणारा भाग होता. त्याची कमान भोसल्यांकडे आली.

ती फौज चार महिनेही टिकली नाही. जपान्यांकडून लेखी हमी हवी, नाहीतर आम्ही त्यांच्या हातचे प्यादे ठरू, असे मोहनसिंगांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. जपानी ताकास तूर लागू देईनात. २९ डिसेंबरला त्यांनी मोहनसिंगांना अटक केली, आणि मोहनसिंगांनी आधीच लिहून ठेवलेल्या हुकुमाने फौज विसर्जित झाली. बिल्ले उतरवले गेले, कागदपत्रे जाळली गेली. शिपाई पुन्हा कैदी.

इथून जून १९४३ पर्यंतचा काळ इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतो, कारण त्यात ना लढाई आहे ना भाषण. माझ्या मते भोसल्यांचे खरे काम याच काळातले. मोडलेली फौज म्हणजे नुसती रिकामी छावणी नसते. तिच्यात परस्परांवरचा अविश्वास भरलेला असतो: कोण जपान्यांचा हेर, कोण इंग्रजांचा, कोण मोहनसिंगांचा माणूस. जपानी कर्नल इवाकुरो यांनी अधिकाऱ्यांना बोलावून कुठे राहायचे ते विचारले. परत यायला तयार झालेल्यांची नवी रचना केली गेली ती अशी, की कोणा एकाच्या हाती सारी सूत्रे जाऊ नयेत. रासबिहारी बोस राजकीय प्रमुख. लष्करी कारभारासाठी 'डायरेक्टोरेट ऑफ मिलिटरी ब्यूरो', आणि त्याचे संचालक भोसले. हाताखाली शाहनवाज खान जनरल स्टाफचे प्रमुख, प्रेमकुमार सहगल लष्करी सचिव, हबीबुर रहमान अधिकारी-प्रशिक्षण शाळेचे प्रमुख. प्रत्यक्ष सैन्याचे सेनापती मोहम्मद झमान कियानी.

या ब्यूरोने काय केले? पगाराचे तक्ते केले. कवायतीचे हुकूम हिंदुस्थानीत आणले. स्वतःचा लष्करी कायदा तयार केला. त्याचा मसुदा करणारे कायदा विभागाचे डी. सी. नाग. हेच नाग पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात सरकार पक्षाचे पहिले साक्षीदार म्हणून उभे राहिले. फौजेकडे कायदा होता, हुद्दे होते, शिक्षेची पद्धत होती, हे त्यांच्याच साक्षीतून कोर्टापुढे आले, आणि बचाव पक्षाला नेमके तेच हवे होते! ही टोळी नव्हती, सेना होती, हे सिद्ध करायला भोसल्यांच्या कार्यालयातल्या त्या रुक्ष फायली उपयोगी पडल्या.

२ जुलै १९४३ ला सुभाषबाबू सिंगापुरात उतरले. ४ जुलैला कॅथे सिनेमागृहात रासबिहारींनी त्यांच्या हाती सूत्रे दिली, ५ जुलैला पडांगच्या मैदानावर त्यांनी फौजेची सलामी घेतली. मैदानावर रांगा सरळ होत्या, हत्यारे साफ होती, हुकूम एका आवाजात सुटत होते. सहा महिन्यांपूर्वी याच लोकांनी बिल्ले उतरवले होते. सुभाषबाबूंच्या वाणीने त्या दिवशी जी जादू केली ती खरीच. पण जादूला समोर उभी फौज लागते, आणि ती कोणीतरी उभी करून ठेवली होती.

२१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर झाले. मंत्रिमंडळात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी घेतले त्यांत भोसले होते. पुढे ते फौजेचे चीफ ऑफ स्टाफ आणि मेजर जनरल झाले. हे पद ऐकायला भारी, निभवायला कटकटीचे. तोफा नाहीत, विमाने नाहीत, वाहने जपानी देतील तेवढी. मलायातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी, रबराच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांनी पैसा आणि माणसे दिली. पूर्वी बंदूक कधी न धरलेल्या त्या मजुरांना जुन्या शिपायांबरोबर एका रांगेत उभे करायचे. कारखाने, आगगाड्या, बंदरे सगळी दुसऱ्याच्या ताब्यात असताना चीफ ऑफ स्टाफने करायचे काय? मागायचे, पुन्हा मागायचे, मिळेल त्यात भागवायचे.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य चिंदविन ओलांडून इम्फाळकडे निघाले, त्याच्याबरोबर कियानींची पहिली डिव्हिजन. १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा लागला. आणि याच मोहिमेच्या सुरुवातीला, २२ ते २६ मार्च, उखरूलच्या वाटेवरच्या सांगशाक नावाच्या नागा खेड्यात, जपान्यांचा लोंढा चार-पाच दिवस अडवून धरणाऱ्यांत होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. पाणी संपले होते, तरी कोकण-देशावरची ही पोरे हटली नाहीत. तिथे झालेल्या उशिरामुळे इम्फाळ आणि कोहिमाच्या संरक्षणाला श्वास घ्यायला वेळ मिळाला, असे युद्धाचे अभ्यासक मानतात. भोसल्यांची फौज दिल्लीला निघाली होती आणि भोसल्यांचेच जुने पलटणभाऊ वाटेत उभे होते. दोन्हींकडे 'मराठा' म्हणून घेतलेली शपथ. दोघांनाही आपण इमानाने वागतो आहोत याबद्दल शंका नव्हती.

ही फाळणी एका पलटणीपुरती नव्हती. जव्हार संस्थानाचे तरुण राजे यशवंतराव मुकणे याच महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने हवाई दलात होते. एका मराठी संस्थानचा राजा एका झेंड्याखाली, दुसऱ्या मराठी संस्थानचा भूमिपुत्र दुसऱ्या झेंड्याखाली. तिकडे इटलीत मराठा पलटणींना यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या रूपाने दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. यांना गुलाम आणि त्यांना स्वातंत्र्यवीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. गावच्या पारावर मात्र दोघांच्याही आया टपाल कधी येते म्हणून सारख्याच वाट पाहत होत्या.

इम्फाळपुढे पावसाने, मलेरियाने आणि भुकेने जे केले ते शत्रूच्या तोफांनाही जमले नव्हते. जुलैमध्ये माघार. १९४५ च्या २४ एप्रिलला सुभाषबाबूंनी रंगून सोडले आणि मेच्या मध्याला ते बँकॉकला पोचले. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली तेव्हा सिंगापुरात फौजेची जबाबदारी कियानींकडे आणि थायलंडमध्ये भोसल्यांकडे होती. १७ ऑगस्टला सुभाषबाबू बँकॉकहून सायगावकडे निघाले. मागे राहिलेल्या सेनापतींना करायचे होते ते सगळ्यात कठीण काम: फौज विस्कळीत न होऊ देता, रांगेत, हिशेबासह शत्रूच्या स्वाधीन करायची. साडेतीन वर्षांत दुसऱ्यांदा भोसले युद्धकैदी झाले.

लाल किल्ल्यातला पहिला खटला ५ नोव्हेंबर १९४५ ला उभा राहिला: शाहनवाज, सहगल, धिल्लन. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप. मुंबईचे भुलाभाई देसाई बचावाला होते, प्रकृती ढासळलेली, पण युक्तिवाद असा की वकिलीच्या विद्यार्थ्यांनी अजून वाचावा. पारतंत्र्यातल्या प्रजेला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे आणि तिची संघटित फौज ही आंतरराष्ट्रीय कायद्याने युद्धमान पक्ष ठरते, हा त्याचा गाभा. मुलूख हातात नसला तरी सरकार हे सरकार असू शकते, यासाठी त्यांनी लंडनमध्ये आसरा घेतलेल्या युरोपीय सरकारांकडे बोट दाखवले. त्यांतलेच एक बेनेश यांचे होते. मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग गिळल्यावर बेनेश दुसऱ्यांदा परदेशातून देश चालवत होते, आणि इंग्लंड त्यांना मानाने वागवत होते. इंग्रजांना चेक परागंदा सैनिक वीर दिसत होता, हिंदी परागंदा सैनिक गद्दार. एकच माप दोन तागड्यांत वेगळे कसे, हा भुलाभाईंचा प्रश्न होता.

तिघांना जन्मठेप झाली आणि ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली. लोकांनी दिवाळी केली. पण त्या निर्णयातली दुसरी ओळ त्या गदारोळात फारशी कोणी वाचली नाही: जन्मठेप रद्द, बडतर्फी आणि थकीत वेतनाची जप्ती कायम. पुढे सत्ता बदलली, तरी ही दुसरी ओळ बदलली नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारने आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना लष्करात परत घेतले नाही. लष्करात शिस्त आणि ज्येष्ठता मोडेल, जे शपथेला जागले त्यांच्यावर अन्याय होईल, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण सांगशाकला लढलेला मराठा शिपाई १५ ऑगस्टला आपोआप नव्या देशाचा सैनिक झाला, आणि त्या देशासाठी आधीच लढलेला भोसले झाला नाही, हा हिशेब मला आजही पटत नाही. कियानी पाकिस्तानात गेले आणि १९४७ च्या काश्मीर संघर्षात त्या बाजूने उतरले. एका मेजावर बसून आराखडे करणारे हे दोघे.

चेक लोकांनी तरी आपल्या परागंदा सेनापतींना नीट वागवले का? हेलिओडोर पीका यांचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यातून रशियनांच्या हाती सापडले, कैदेतून लीजनमध्ये गेले, फ्रान्सच्या आघाडीवर लढले. दुसऱ्या महायुद्धात बेनेश यांच्या लंडन सरकारचे मॉस्कोतले लष्करी प्रतिनिधी. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. मेमध्ये पीकांना अटक झाली, हेरगिरीचा खोटा खटला चालला, आणि २१ जून १९४९ ला पिल्झेनच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. ऑस्ट्रियाने ज्याला पकडले असते तर लटकवलेच असते, त्याला त्याच्याच देशाने लटकवले. १९६८ मध्ये न्यायालयाने निर्दोष ठरवले, तोवर एकोणीस वर्षे लोटली होती. या तुलनेत आपले सरकार सभ्यच म्हणायचे.

भोसले काँग्रेसमध्ये आले. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. खाते फाळणीच्या निर्वासितांचे. स्वतः दोनदा कैदी राहिलेल्या माणसाला छावणीचा वास, रांगेतली ताटकळ, हातातला कागद हरवल्यावर माणूस कसा कोणीच उरत नाही, हे कोणी सांगावे लागले नसणार. दिल्लीत लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात निर्वासित विधवा आणि पोरकी मुले राहत. १९५४ मध्ये तिथल्या मुलांपासून भोसल्यांनी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली: कवायत, व्यायाम, समूहगीते, देशाच्या इतिहासाचे पाठ. दंगलीत आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या मुलांना एका तालावर पावले टाकायला लावणे, हा उपचार त्यांना फौजेतून सुचला असावा. सिंगापुरातल्या बिडादरीच्या छावणीत मोडलेल्या माणसांवर त्यांनी आधी तेच केले होते.

योजना वाढली, अनेक राज्यांच्या शाळांत पोचली, अलवरजवळ सरिस्काला शिक्षकांसाठी केंद्र निघाले. टीकाही झाली, मुलांना लष्करी साच्यात घालता का, असे शिक्षणतज्ज्ञ विचारीत, आणि तो प्रश्न वावगा नव्हता. शाळेत एनसीसी, एसीसी, शारीरिक शिक्षण आणि वर ही योजना, असा चार चुलींचा प्रकार झाला. हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने या सगळ्यांची एक मोट बांधायची शिफारस केली. भोसले १४ मे १९६३ ला गेले, वय सत्तावन्न. दोन वर्षांनी त्यांची योजना 'नॅशनल फिटनेस कोअर'मध्ये विलीन झाली.

१५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन द्यायला सुरुवात केली. आझाद हिंद फौजेचे शिपाई त्यासाठी पात्र ठरले. अर्जासोबत त्यांना तुरुंगवासाचा किंवा छावणीतल्या कैदेचा दाखला जोडावा लागे, आणि तो बहुतेकांना ब्रिटिशांच्याच जुन्या कागदांतून शोधून काढावा लागला.